ऑइलपेंटचा पाहुणा

गहिनीनाथ पेंटर दुसऱ्याच्या गोष्टीत पाहुणा म्हणून जायला एका पायावर तयार असायचा. स्वतःची गोष्ट मात्र त्याला जन्मात सुचली नाही. असा एखादा नमुना प्रत्येक गावात असतो म्हणतात. आमच्या वाट्याला हा आला.

राहुरी आणि बेलापूरच्या मधे आमचं गाव. एसटी थांबते तिथेच माझी पिठाची गिरणी. साक्षरतेची मोहीम निघाली तेव्हा पंचायतीने गिरणीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर एक भलामोठा काळा फळा ठोकला. भिंत माझी, फळा पंचायतीचा. मोहीम आली तशी गेली. चार म्हाताऱ्या सही करायला शिकल्या, मग त्यांना सही करायला कुणी बोलावलंच नाही. फळा तेवढा राहिला.

त्या रिकाम्या फळ्यावर यशोधराने चित्रं काढायला सुरुवात केली. ही वस्तीतल्या सहादूबाबांची नात. बालवाडीवर मदतनीस होती आणि डी.एड.ला नंबर लागायची वाट बघत होती. सुतळीला खडू चोळून ती फळ्यावर तीन उभ्या रेघा मारायची, त्यांच्या चार चौकटी व्हायच्या आणि त्या चौकटींतून मनकर्णा नावाची एक म्हातारी फिरायची. गाव तिला फळ्यावरची म्हातारी म्हणायचं. म्हातारी रेशनच्या दुकानात रॉकेलला जायची. दुकानदार म्हणायचा, संपलं. मग ती पिंपावर मांडी घालून बसायची आणि शेवटच्या चौकटीत विचारायची, "मंग माजं लुगडं कशानं भिजतंय?" दळण घेऊन रांगेत उभी असलेली माणसं हसून हसून डबे सांडायची. दुकानदार मात्र आठवडाभर माझ्याकडे दळायला आला नाही. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

यशोधराची दोन पथ्यं होती. एक, ती पुढाऱ्याचं तोंड काढायची नाही, फक्त पाय काढायची. पांढऱ्या धोतराखालचे बूट दिसले की कुणाचे ते गावाला कळायचं. दुसरं, मनकर्णेची मान ताठ. ओझं असो, आजारपण असो, फौजदार समोर असो, मान खाली नाही. मी एकदा विचारलं, एवढी ताठ कशाला गं, दुखत असेल बिचारीची. ती म्हणाली, "आमच्या आज्ज्यानं अर्धी उमर वाकून जोहार घालन्यात घालवली, काकू. आता घरातल्या एकाची तरी मान सरळ राहू द्या."

सहादूबाबा रोज सकाळी काठी टेकत यायचे. वाचता येत नव्हतं. त्यांना वाचायचं नव्हतंच. पायरीवर बसून म्हातारीकडे बघायचे, एक बिडी ओढायचे आणि "उबी हाय" एवढंच म्हणून परत जायचे. ती त्यांची हजेरी होती. यशोधराची सगळी कमाई एवढीच, आणि तिला ती पुरत होती.

पुढे तिचा नगरला डी.एड.ला नंबर लागला. शनिवार-रविवार ती गावात असायची, बाकी दिवस फळा कोरा. गावाला सवय लागलेली. दळणाला आलेल्या बायका कोऱ्या फळ्याकडे बघून मलाच जाब विचारायच्या. तेव्हा यशोधराने पाहुणे बोलवायचं ठरवलं. ज्याला हात चालतो त्याने एक दिवस मनकर्णेची गोष्ट काढायची, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव घालायचं. नियम तिने मला तोंडी सांगून ठेवले आणि राखणदारी माझ्यावर टाकली. म्हातारीला मारायचं नाही. तिचं लग्न लावायचं नाही. तिची मान वाकवायची नाही. आणि आधीच्या दिवसाचं चित्र, मग ते कितीही चांगलं असो, सकाळी ओल्या फडक्याने पुसायचं. पाहुण्याने एक दिवस राहावं आणि चूल होती तशी ठेवून निघावं.

पाहुणे आले. कृषी विद्यापीठातला एक पोरगा आला, त्याने म्हातारीपेक्षा ज्वारीच्या कणसावर जास्त मेहनत घेतली, दाणा न् दाणा मोजून घ्यावा. कारखान्याच्या गेटवर काम करणारा रंगनाथ आला. तो खरा गुणी. त्याचा स्वतःचा एक फळा होता गेटवर, त्यावर ढवळ्या नावाचा ऊस ओढणारा बैल बोलायचा. रंगनाथने ढवळ्याला मनकर्णेच्या अंगणात आणून बांधला, दोघांची उसाच्या वाढ्यांवरून, त्या हिरव्या शेंड्यांच्या चाऱ्यावरून, बाचाबाची झाली आणि संध्याकाळी बैल सोडून तो घेऊन गेला. पाहुणचार असा असतो. दोन्ही घरांची शोभा राहते.

आणि मग गहिनीनाथ.

हा मूळचा कर्जतकडचा. राहुरीत एका पेंटरच्या हाताखाली अक्षरं शिकला आणि आमच्या गावात दुकान टाकून बसला. अक्षर मात्र चांगलं होतं, त्याबद्दल खोटं बोलणार नाही. ट्रॉलीच्या मागे, दुकानाच्या पाटीवर, लग्नाच्या घराच्या भिंतीवर त्याचा हात उठून दिसायचा. तेवढ्यावर थांबला असता तर त्याची गोष्ट सांगायची मला गरज पडली नसती. पण त्याला आर्टिस्ट व्हायचं होतं. कानावर ब्रश, गळ्यात रुमाल, आणि बोलणं असं की जणू दिल्लीहून बोलावणं येऊन पडलंय, फक्त हे महाशय वेळ मिळत नाही म्हणून थांबलेत.

रंगनाथच्या फळ्यावर तो एकदा पाहुणा गेला आणि ढवळ्याला लोणीच्या बाजारात विकून आला. बैल परत आणायला रंगनाथला पुढचा पंधरवडा घालवावा लागला. विद्यापीठात पोरं भित्तिपत्रकावर एका बुजगावण्याची गोष्ट काढायची. तिथे जाऊन याने बुजगावण्याला मिशा लावल्या, लंगोट घातला आणि कुस्ती मारायला लावली. पोरांनी विचारलं, अहो, पक्षी कुठं गेले? हा म्हणाला, "पक्षी कशाला पायजेत? हिरो बघा ना." जिथे जाईल तिथे हे असं. आणि खाली नाव असं ठसठशीत की गोष्ट वर कोपऱ्यात चिरडून बसावी. 'आर्टिस्ट गहिनीनाथ. सर्व प्रकारची कामे केली जातील.'

मी एकदा त्याची खोड मोडायची म्हणून म्हटलं, पेंटर, दुसऱ्याच्या घरात कशाला शिरता? हा घ्या फळा, आज तुमची स्वतःची गोष्ट काढा. त्याने पहिल्या चौकटीत एक रुबाबदार माणूस काढला. दुसऱ्या चौकटीत तोच माणूस दुसऱ्या बाजूने. मग चहा मागवला. मग म्हणाला, प्रकाश नीट नाही. चहा पिऊन उरलेल्या दोन चौकटींत स्वतःच्या दुकानाची जाहिरात लिहिली आणि निघून गेला. एवढी त्याची कल्पनाशक्ती. शेवग्याच्या झाडाला चंदन म्हणून मिरवायचं तर निदान वास तरी पाहिजे ना.

तरी यशोधरा त्याला महिन्यातून एकदा बोलवायची. मी चिडायचे. ती म्हणायची, "येऊ द्या काकू. खडूचंच तर हाय. उद्या पुसतंय."

तिचं सगळं त्या एका वाक्यावर चाललं होतं, आणि त्याने तेच वाक्य मोडलं.

गावात नवी पाण्याची टाकी झाली. उद्घाटनाला कारखान्याचे चेअरमन आप्पासाहेब येणार होते. टाकीत पाणी नव्हतं, पण चेअरमनची तारीख मिळाली होती, आणि आमच्याकडे पाण्यापेक्षा तारीख मोठी. सरपंच कारभारी गावभर पताका लावत सुटला होता. यशोधराची त्या दिवशी नगरला परीक्षा. पाळी होती कानिफनाथ नावाच्या एका शिक्षकाची, तो तापाने पडला. कारभारीने गहिनीनाथला गाठलं आणि सांगितलं, फळ्यावर साहेबांचं स्वागत झालं पाहिजे.

मी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बहिणीकडे बेलापूरला गेले होते. गिरणी बंद. परत आले तर फळा चमकत होता. खडू कधी चमकत नाही. जवळ गेले तर ऑइलपेंटचा वास.

चौकटी नव्हत्याच. डाव्या अर्ध्या फळ्यात आप्पासाहेब, फेटा, हार, गाल गुलाबी. उजव्या अर्ध्यात मनकर्णा. कमरेत वाकलेली, मान छातीला टेकलेली, हात जोडलेले. खाली त्याचं नाव, पिवळ्या रंगात, सावली देऊन.

मी त्याला दुकानात जाऊन गाठलं. म्हटलं, पेंटर, हे काय केलंत?

"का? चांगलं न्हाई झालं?"

"खडूनं काढायचं असतं."

"बनुबाई, खडू उद्या पुसतो. म्या इचार केला, एवडा मोठा मानूस येतोय, काम टिकाऊ पायजे." आणि वर म्हणाला, "तिला सांगा, तिच्या म्हातारीला म्या अमर केलं."

त्याच्या तोंडाला लागून काही उपयोग नव्हता. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. दुष्ट माणूस बरा, त्याला आपण काय करतोय ते ठाऊक तरी असतं.

उद्घाटन झालं. आप्पासाहेबांनी फळ्याकडे बघून मान हलवली, फोटो काढवून घेतला, गावाने टाळ्या वाजवल्या. ज्या बायका मनकर्णेच्या ताठ मानेवर रोज हसायच्या, त्यांनीसुद्धा वाजवल्या. वाकलेली म्हातारी बघून कुणाला काही वाटलं नाही. उलट, रंग कसा लख्ख आलाय म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहादूबाबा आले. पायरीवर बसले. बिडी काढली, पण पेटवली नाही. मला म्हणाले, "बनुबाई, हिची मान कुनी मोडली?"

मी म्हटलं, पेंटरने काढलंय बाबा, यशोधराने नाही.

"तरी ती तीच हाय ना?" म्हणाले, आणि उठून गेले. त्यानंतर ते फळ्याकडे आले नाहीत. एसटीला जायचं झालं तरी ओढ्याच्या वाटेने, लांबून जायचे.

यशोधरा शनिवारी आली. पिशवी खांद्यावरून न उतरवता थेट फळ्यासमोर गेली. मग खडूचा तुकडा काढून मनकर्णेच्या मानेवरून एक सरळ रेघ ओढायला गेली. ऑइलपेंटवर खडू धरत नाही, नुसता घसरतो. रेघ उमटलीच नाही.

ती पंचायतीत गेली. कारभारी म्हणाला, "साहेबांचा चेहरा हाय त्याच्यावर. त्याला काळं फासायचं म्हनतेस? तुझं डोकं ठिकानावर हाय का?" चेहरा न काढण्याचं तिचं पथ्य किती शहाणपणाचं होतं ते तेव्हा मला कळलं. पाय पुसता येतात. चेहरा एकदा भिंतीवर चढला की त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

मी म्हटलं, भिंत माझी आहे, खिळे उपटते आणि फळा ओढ्यात टाकते. ती म्हणाली, "नको काकू. तुमी टाकलात तर तो म्हनेल, बायकांनी जळून केलं. ज्यानं काढलं, त्यानंच ते घालवलं पायजे."

"तो कशाला घालवतोय? रोज चार पाहुण्यांना आणून दाखवतोय."

"मंग राहू द्या तसंच."

मी तिला दुसरी भिंत देऊ केली, पत्र्याचा फळा करून देते म्हटलं. ती नाही म्हणाली. एका गावात एक मनकर्णा वाकलेली आणि एक ताठ, असं तिला चालणार नव्हतं. फळ्यावरची गोष्ट बंद पडली. यशोधरा डी.एड. झाली, जवळच्याच एका वाडीत शाळेवर लागली, रोज माझ्या गिरणीसमोरून सायकलवर जाऊ-येऊ लागली. फळ्याकडे ती बघायची नाही. आणि गहिनीनाथ मात्र एसटीची वाट बघणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला विचारायचा, "पाव्हनं, हे चित्र कसं वाटतं?" हो म्हटलं की आपलं नाव सांगायचा. लोकांना दुसरं काही सांगायला त्याच्याकडे नव्हतं. अख्ख्या आयुष्यात टिकलेलं एक चित्र, तेही दुसऱ्याच्या म्हातारीचं.

असं तीन वर्षं चाललं.

नव्याण्णवच्या निवडणुका लागल्या. आचारसंहिता आली. ग्रामसेवकाने फर्मान आणलं, सगळ्या पुढाऱ्यांची चित्रं, पाट्या, नावं झाकायची. आप्पासाहेब स्वतः उभे होते, त्यामुळे त्यांचा चेहरा तर आधी. जे काम करायला तीन वर्षं कुणाची छाती झाली नाही, ते एका कागदाने अर्ध्या दिवसात करायला लावलं. पंचायतीने पेंटर लावला तो हाच, गावात दुसरा होताच कोण?

गहिनीनाथने काचपेपर मारून आप्पासाहेब खरवडले आणि वर फळ्याचा काळा रंग दिला. गुलाबी गाल गेले, फेटा गेला. हुकूम पुढाऱ्यांच्या चित्रांपुरता होता, म्हातारीसाठी नव्हता. म्हणून उजवा अर्धा भाग त्याने जपून तसाच ठेवला, नावासकट. आता मनकर्णा नुसत्या काळ्या रंगापुढे वाकून उभी होती. ते आणखीच वाईट दिसत होतं.

यशोधराने सायकल थांबवली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती फळ्यापाशी आली. रंग वाळला की नाही ते बोटाने बघितलं. दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना खडू घेऊन आली आणि काळ्या अर्ध्यावर एक माणूस काढला. कानावर ब्रश, गळ्यात रुमाल, सुटलेलं पोट, आणि तोंडावर तो आपण मोठे असल्याचा भाव. हुबेहूब गहिनीनाथ. खाली काही लिहिलं नाही.

एसटीची माणसं हसत होती. मला वाटलं, आता तरी याला शरम वाटेल. कसली शरम? तो आला आणि हरखून गेला. बायकोला बोलावून आणलं. तिला म्हणाला, "बघ, फळ्यावर आलो मी." बायको बिचारी लोकांच्या तोंडाकडे बघत होती, तिला सगळं कळत होतं. दिवसभर तो त्या चित्रापासून हलला नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या गोष्टीत घुसणाऱ्याला पहिल्यांदाच कुणीतरी बोलावून आत घेतलं होतं, असं त्याला वाटलं असणार.

संध्याकाळी यशोधरा परत आली, तर हा वाट बघत उभा. "यशोधरा, लई झ्याक काढलंस. आता एक कर, हे ऑइलपेंटात कर. रंग मी देतो."

"मी ऑइलपेंट वापरत न्हाई, काका."

"मंग निदान मोठं तरी काढ. माझी गोष्ट काढ ना. पूर्ण."

"गोष्टीला चार चौकटी लागतात," ती म्हणाली. "हितं दोनच मावतात. बाकी जागेवर तुमची बाई उभी हाय."

 मी पीठ गाळता गाळता बघत होते. त्याने एकदा खडूतल्या स्वतःकडे बघितलं, एकदा ऑइलपेंटातल्या म्हातारीकडे. पिवळ्या नावावर त्याची नजर थोडी जास्त वेळ थांबली.

"चार चौकटी असत्या तर काढशील?"

"काढीन."

"माझीच?"

"तुमचीच."

दुसऱ्या दिवशी मी गिरणी उघडायला गेले तर हा काचपेपर घेऊन आधीच कामाला लागलेला. खांद्यावरून घाम गळत होता. वाकलेली मान गेली, जोडलेले हात गेले, शेवटी ते सावली दिलेलं नावही त्याने खरवडलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाचा हुकूम नव्हता. म्हातारीसाठी नाही, यशोधरासाठी नाही, सहादूबाबांसाठी तर मुळीच नाही. स्वतःला चार चौकटी मिळाव्यात म्हणून. त्याच्या हातून जे एकुलतं एक चांगलं काम झालं तेही हावेपोटी झालं, आणि झालंय हे त्याला आजपर्यंत माहीत नाही. त्याने वर काळा रंग दिला आणि वाळेपर्यंत कुत्र्याला फिरकू दिलं नाही.

यशोधराने शब्द पाळला. सुतळीला खडू चोळून रेघा मारल्या. पहिल्या चौकटीत गहिनीनाथ मनकर्णेच्या दारात येतो. दुसऱ्या चौकटीत तिच्या बाजेवर बसून चहा पितो. तिसऱ्या चौकटीत बाजेवर आडवा झालाय, उशाला रंगाचा डबा, जायचं नाव नाही. चौथ्या चौकटीत मनकर्णा उभी. ताठ. हातात ओलं फडकं. आणि समोर गहिनीनाथ कमरेपासून वर पुसलेला, फक्त दोन पाय आणि चपला राहिलेल्या. पुढाऱ्यांचे पाय राहायचे तसे.

हा एकेक चौकट बघत शेवटच्या चौकटीपाशी आला. "ह्यात माझं तोंड कुठंय?"

"पहिल्या तिनांत हाय की."

"आन् उद्या?"

"उद्या सगळंच पुसायचं, काका. खडूचं हाय."

"एक दिवस जास्त ठेव."

"पाव्हन्याला एकच दिवस," ती म्हणाली, आणि सायकलला टांग मारून शाळेला गेली.

सकाळी दळण न्यायला आलेल्या तिच्या भावाने घरी जाऊन निरोप दिला असावा. दुपारी ओढ्याच्या वाटेने नाही, सरळ रस्त्याने सहादूबाबा आले. तीन वर्षांत पाठीचा कणा आणखी वाकला होता, पायरीवर बसायलाही मला हात द्यावा लागला. गहिनीनाथ अजून तिथेच उभा होता. बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. डोळ्यांवर हात धरून चौथी चौकट शोधली आणि तिच्यावर नजर ठेवून बिडी पेटवली.

"उबी हाय," म्हणाले.

मग पेंटरला म्हणाले, "जरा बाजूला हो बाबा. आड येतोयस."